पळायचंय ना? मग आधी ऑफिसला चालत जा

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे. पुण्यात कर्वे पुतळ्याजवळ राहते, डेक्कनला एका ऑफिसात हिशेब बघते. जानेवारीत मैत्रिणीबरोबर पळायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी दोन किलोमीटर पळाले आणि मग रोज तेवढंच. सातव्या दिवशी दोन्ही नडग्या इतक्या ठणकल्या की जिना उतरवेना. आता दुखत नाही, पण भीती बसली आहे. सासूबाई म्हणतात, या वयात पळून गुडघे झिजवून घेशील. ऑफिस साधारण चार किलोमीटरवर आहे, स्कूटरनं जाते. चालत जावं असं खूपदा वाटतं, पण घाम, साडी, डबा, लॅपटॉप हे सगळं आठवलं की पुन्हा किल्ली उचलते. चालण्याचा पळायला काही उपयोग होतो का? कुठून सुरू करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना माझा हात आपोआप उजव्या नडगीवर गेला. मी ४३व्या वर्षी पळायला लागले तेव्हा अगदी हेच केलं होतं. सहकारनगरच्या घरातून पहाटे निघायचं आणि थेट तळजाईचा चढ पळत चढायचा, आठवड्याचे सहा दिवस. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. मी ते अंगावर काढलं. मग एका दुपारी बँकेत काउंटरवरून उठले तर पाय टेकवेना. डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं. चालताना दुखायचं थांबल्यावर, दोन आठवड्यांनी, चालायची मोकळीक दिली.

मग मी बँकेत चालत जायला लागले. पर्वतीचा पायथा, सारसबाग, बाजीराव रस्ता, शनिपार आणि लक्ष्मी रस्त्यावरची आमची शाखा, पाऊण तासाची वाट. तेव्हा हे नुसतं वेळ काढणं वाटायचं. पण तीन महिन्यांनी पुन्हा हळूहळू पळायला लागले तेव्हा नडगीनं एकदाही तक्रार केली नाही. आज चौदा वर्षं झाली, मी पळते आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: ऑफिसला चालत जा, आणि त्या चालण्यातूनच पळण्यापर्यंत या.

असं का, ते समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. पळायला लागलं की श्वास आणि हृदय काही आठवड्यांतच सुधारतात. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) मात्र फार सावकाश बळकट होतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं, आणि हे पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड थोडं कच्चंच असतं. नेमक्या त्याच काळात दम वाढलेला असतो, त्यामुळे माणूस जास्त पळतो. तुमच्या सहा दिवसांत नडगीला एकही दिवस सुट्टी मिळाली नाही. तुमचं वय, वजन किंवा पाय यांत काही खोट आहे असं मला मुळीच वाटत नाही.

चालताना प्रत्येक पावलाला साधारण आपल्या वजनाइतका किंवा त्याहून किंचित जास्त भार पायावर येतो. पळताना तोच दोन-तीन पट होतो. चार किलोमीटर चालण्यात पाच हजारांच्या वर पावलं पडतात. म्हणजे पाच हजार वेळा हाडाला ताण कळतो, पण त्याला इजा होत नाही. पळण्याची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

आता वाट. नळ स्टॉपपर्यंत कर्वे रस्त्याला इलाज नाही, पण तिथून पुढे तो सोडा. डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला लागा आणि उजवीकडच्या एखाद्या गल्लीतून प्रभात रस्त्यावर उतरा. थोडं अंतर वाढेल, पण सावली मिळेल, धूर कमी होईल आणि कानाशी हॉर्न वाजणार नाहीत. (ज्या प्रभात स्टुडिओवरून या रस्त्याला नाव मिळालं, त्याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मी तिथून जाते तेव्हा दर वेळी हे आठवतं.) पहिले दोन आठवडे फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि तेही फक्त सकाळी. येताना डेक्कनला मेट्रोत बसा, नळ स्टॉपला उतरा आणि उरलेलं चाला. मग चार दिवस, मग पाच. चाल अशी ठेवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमच्या तीन सकाळी प्रत्येकी ५० मिनिटांच्या धरल्या, तर ते तेवढ्यावरच पूर्ण होतात. त्यामुळे पळणं सुरू व्हायच्या आधीचे आठवडे वाया गेले असं समजू नका.

घामाचं. मी वीसेक वर्षं नोकरी साडीतच केली, त्यामुळे हे मला नीट ठाऊक आहे. चालायला सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट. ऑफिसच्या कपाटात रविवारी रात्री काढून ठेवलेले दोन जोड, एक छोटा टॉवेल, पावडर आणि चपला. पोचल्या पोचल्या कपडे बदलू नका, कारण चालणं थांबल्यावरही दहा मिनिटं घाम येतच राहतो आणि नवे कपडे भिजतात. शेवटचं पाच मिनिटांचं अंतर मुद्दाम रमतगमत चाला, पंख्याखाली बसा, पाणी प्या, मग ओल्या टॉवेलनं मान, पाठ, काखा पुसून साडी नेसा. आठ-साडेआठला निघालात तर एप्रिलमध्येही प्रभात रस्त्याच्या सावलीत निभतं. लॅपटॉप शक्य असेल त्या दिवशी ऑफिसातच ठेवा. आणावाच लागला तर दोन्ही खांद्यांवर नीट बसणारी सॅक घ्या. एका खांद्याला पर्स आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी असली की कंबर दुखते, आणि मग बायका चालणंच सोडतात. पावसाळ्यात बुटांचे दोन जोड हवेत. ओल्या जोडात रद्दी पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले की सकाळपर्यंत वाळतात. पावसात निसटलेले पेव्हर ब्लॉक आणि गटारांची लोखंडी झाकणं फार निसरडी होतात, तिथं पाय जपून टाका.

रस्ते चालणाऱ्यांसाठी नाहीत, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. फूटपाथवरून दुचाकी येतात, मध्येच विजेचा डीपी बॉक्स असतो, कुठे गाड्या लावलेल्या असतात. मला याचा मनापासून राग येतो. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. ज्या रस्त्यावर मी अर्धं आयुष्य अंग चोरून चालले, तिथं त्या दिवशी मधोमध चालताना मला भरून आलं होतं. असं रोज असायला हवं. ते होईपर्यंत उजव्या-डाव्या बाजूचा हट्ट सोडा आणि जिथं फूटपाथ धड असेल त्या बाजूनं चाला.

सहा आठवडे असं चाललात आणि कुठे दुखलं नाही, की पळणं. तेही ऑफिसच्या वाटेवर नको, सॅक पाठीवर असताना तर मुळीच नको. आठवड्यातून तीन सकाळी, मध्ये एकेक दिवस सोडून, घराजवळच्या शांत गल्लीत किंवा मैदानावर. आधी पाच मिनिटं चालणं, मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दोन आठवडे यात काहीही वाढवू नका, कितीही हुरूप आला तरी. मग दीड मिनिट, मग दोन, आणि चालायचा वेळ हळूहळू कमी. साधारण तीन महिन्यांत वीस-पंचवीस मिनिटं सलग पळाल. वेग किती? पळता पळता सतराचा पाढा म्हणून बघा. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, असा न धापता पुढे जात असेल तर वेग बरोबर. पाढा तुटला की चालायला लागा. पाऊल आखूड टाका, लांब ढांगांनी टाच पुढे आपटते आणि तो धक्का नडगीला बसतो.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू दे. महागाच्या मागे लागू नका, पण साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदला, वरून नवा दिसत असला तरी. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या. हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिले चार महिने मी उगाच सोसलं.

रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचला, बारा-बारा वेळा, तीनदा. पोटऱ्या बळकट झाल्या की नडगीवरचा भार कमी होतो. पुन्हा दुखलंच तर बोटानं चाचपा. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल आणि विश्रांतीनं उतरत असेल, तर आठवडाभर नुसतं चाला. पण एकाच ठिकाणी बोट टेकवलं की कळ येत असेल किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं. आणि सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं ते १२च्या खाली असेल तर दम लागणं हा सरावाचा दोष नसतो, आणि आपल्या घरांतून कितीतरी बायका तशाच ओढत असतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी खोटी नाही, पण आकडे वेगळं सांगतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के होतं आणि अजिबात न पळणाऱ्या, बैठ्या माणसांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धांसाठी पळणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के निघालं. तुम्ही पहिल्या गटातल्या. जमलं तर एखाद्या रविवारी त्यांनाही कमला नेहरू उद्यानात घेऊन जा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६४. रोज पर्वती चढतो. चढताना काही नाही, उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. चढणं सोडू का?

उत्तर : सर, सोडू नका, पण महिनाभर एक दिवसाआड करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला धरून ठेवतो आणि वाटीवर चढण्यापेक्षा जास्त दाब येतो, म्हणून दुखतं तेव्हाच. ज्या दिवशी पर्वती नाही, त्या दिवशी घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दोनदा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चांगल्या रुंद आहेत, तेव्हा सरळ न उतरता थोडं तिरकं, कडेला धरून उतरा आणि मध्ये दोनदा थांबा. गुडघा सुजला किंवा अडकल्यासारखा झाला, तर मात्र आधी दाखवून घ्या.