१९५१ची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार पुन्हा उभी करतोय. जुन्या स्क्रू-बोल्टांच्या जागी नेमके कोणते घ्यायचे, हे कसं ओळखू?

तुम्ही लिहिलंय की लेस्टरमध्ये टीडी घेतली, आधीच्या मालकाने सगळे बोल्ट एकाच डब्यात भरून दिले, आणि त्यातला व्हर्निअरवर आठ मिलिमीटर भरणारा बोल्ट दुकानातल्या एम८ (आजच्या मेट्रिक मापाच्या) नटात दोन वेढ्यांनंतर अडकतो. तिथेच थांबा, पाना लावू नका. मी ऑक्सफर्डजवळ राहतो, माझीही टीडीच आहे, आणि याच मापाने माझं एकदा नुकसान केलंय.

तुमचं इंजिन एक्सपीएजी, १२५० सीसी. त्याचे आटे मेट्रिक आहेत, पण आजच्या मेट्रिकसारखे नाहीत. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीने कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीसाठी (एमजी पुढे तिचाच भाग झाली) इंजिनं बनू लागली आणि १९२३मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच मापांची, म्हणून आटे मेट्रिकच राहिले. ब्रिटिश मेकॅनिकचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची ठेवली. त्यामुळे डोक्याला कुठला पाना बसतो यावरून आटे कुठले हे या गाडीत कळत नाही.

व्यासावरूनही कळत नाही. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला अडीच सुती म्हणतात, तो ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. वापरलेल्या, गंजलेल्या बोल्टवर ७.९४ आणि ८ यांतला फरक व्हर्निअर सांगूच शकत नाही. खरं सांगते ती पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करा, नटाखाली न ताणलेला भाग निवडा आणि एका आट्याच्या शेंड्यापासून पुढच्या दहाव्या शेंड्यापर्यंत मोजा. साधारण १० मिलिमीटर भरलं तर इंजिनाचा जुना मेट्रिक, १०.६ भरलं तर यूएनएफ (अमेरिकेत रूढ बारीक इंची आटे), ११.५ भरलं तर बीएसएफ (जुने ब्रिटिश बारीक इंची आटे), १२.५ भरलं तर आजचा एम८. एकेक आटा मोजलात तर फसाल, दहा मोजलेत की फरक डोळ्यांना दिसतो.

मी हे न मोजता इंजिनाच्या एका झाकणाला ५/१६ यूएनएफ बोल्ट लावला. पहिले काही आटे बोटांनी गेले, मग थोडा जड झाला. आत जुना रंग असेल असं वाटलं, म्हणून पान्याने अर्धा वेढा दिला, आणि तो एकदम हलका फिरला. आतले आटे गेले होते. योग्य मापाचा इन्सर्ट (खराब भोकात नवे आटे देणारा तुकडा) शोधून बसवण्यात महिना गेला.

आणखी एक महत्त्वाचं. भोकातून जो बोल्ट निघाला तो मूळचाच, असं धरू नका. बहुतेक टीडी अमेरिकेला गेल्या होत्या, त्यातल्या काही पुढे परतल्या. तिथल्या गॅरेजमध्ये हाताशी यूएनएफच असायचे. काही भोकांत नवा टॅप मारलेलाही, म्हणजे वेगळे आटे पाडलेलेही सापडतात. शंका आली तर मऊ लाकडाची काडी किंचित निमुळती तासून भोकात फिरवत दाबा आणि तशीच उलटी फिरवून काढा. लाकडावर आट्यांचे ठसे उमटतात, ते मोजा. भोक काय म्हणतं ते प्रमाण.

चॅसीवर बहुतेक बीएसएफ. तिथे दोन सुती (१/४ इंची) बोल्टला इंचाला २६ आटे, यूएनएफला २८, म्हणजे तीच काळजी. स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनला चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट लावू नका. तिथे ताकदीचा ग्रेड माहीत असलेले स्टीलचेच हवेत.

दिवे, गेज आणि वायरिंगचे छोटे स्क्रू बीए मापाचे, हे छोट्या स्क्रूंचं जुनं ब्रिटिश माप. २बीए ४.७ मिलिमीटरचा, पिच ०.८१. एम५ची पिच ०.८, म्हणून तोच असावा असं वाटतं, पण तो जाड असतो आणि जबरदस्तीने घातला तर पितळी टर्मिनलचे आटे खातो. बीएचा एक छोटा संच विकत घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा आहे, तिथे लाकडाचेच स्क्रू, आणि सरळ खाचेचे. क्रॉस खाचेचा पोझिड्रिव्ह १९६०च्या दशकातला, या गाडीत तो डोळ्याला खुपतो. पितळी स्क्रू लावणार असाल तर आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू मेण लावून आत घाला, काढा, मग पितळी घाला. नाहीतर डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा लाकडात राहतो.

आता तो अडकलेला बोल्ट घ्या आणि दहा आटे मोजा. १० मिलिमीटर भरले तर तो इंजिन-गिअरबॉक्सच्या पिशवीत ठेवा, आणि त्याच्या जोडीचा नट एमजी टी मालिकेचे सुटे भाग ठेवणाऱ्याकडूनच मागवा. साध्या हार्डवेअरच्या दुकानात तो मिळणार नाही.