ठराव झाला, पण मांडवापर्यंत पोहोचला नाही

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांमध्ये मीही होते. संक्रांतीला शाळेच्या पटांगणात आम्ही विधवा भगिनींना हळदीकुंकू लावले, वाण दिले. यंदा वैशाखात मात्र माझ्याच मुलाच्या हळदीला माझी धाकटी जाऊ मांडवात आली, तेव्हा मी तिला म्हटले, "तू जरा स्वयंपाकाकडे पाहा." कर्जापायी दीर गेले, त्याला पाच वर्षे झाली. माझ्या मुलाला तिनेच अंगाखांद्यावर खेळवले आहे. ती काही न बोलता चुलीकडे गेली. मग त्या ठरावाचा उपयोग काय झाला?
– एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपण गावाला बोल न लावता स्वतःचे वाक्य जसेच्या तसे लिहून पाठवले, याबद्दल मला आपल्याविषयी आदर वाटतो.

ठराव वाया गेला असे मी म्हणणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी असा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्यामुळे एखाद्या घरी मयत झाली असता बांगड्या फोडायला हात पुढे आला, तर "थांबा" म्हणणाऱ्याच्या पाठीशी आज काहीतरी आहे. आधी मने बदलू द्या, मग नियम करा, असे काही जण म्हणतात. पण त्या वाट पाहण्याची किंमत आजवर विधवांनीच मोजली आहे.

परंतु ठराव हात थांबवतो, भीती काढत नाही. त्या क्षणी आपल्या मनात जावेविषयी तिरस्कार नव्हता. "हिचा हात लागला आणि पोराचे काही बरेवाईट झाले तर?" एवढीच धास्ती होती, आणि ती आपल्याला लहानपणापासून मायेच्याच माणसांनी दिलेली आहे. शाळेच्या पटांगणात आपले काही पणाला लागलेले नव्हते. मांडवात मुलाचे आयुष्य पणाला लागल्यासारखे वाटले. धर्मातील सुधारणा बहुधा येथेच अडते, कारण चारचौघांत पटलेली गोष्ट आपल्या लेकराच्या वाट्याला येते तेव्हा आतला जुना विश्वास जागा होतो.

मोठी माणसेही येथे अडखळली आहेत. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला आणि न्यायमूर्ती रानडे या सुधारणेचे खंदे पुरस्कर्ते होते. तरीही पहिली पत्नी वारल्यावर 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी विधवेशी नव्हे, तर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. हे सांगून मला त्यांना कमी लेखायचे नाही, कारण विचार पक्का असूनही घरच्या माणसांपुढे उभे राहणे किती कठीण असते, हे त्यातून कळते.

आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा मात्र उलट वाटेने गेले. घर सोडण्याच्या आधी, स्वतःच्या मुलीच्या बारशाला, मांस आणि दारूची रीत मोडून त्यांनी भाऊबंदांना गोडाचे जेवण वाढले. पुढे गावोगावच्या कीर्तनांत ते पशुबळी बंद करा असे सांगत, तेव्हा त्या बोलण्यामागे स्वतःच्या अंगणात पत्करलेला नातेवाइकांचा रोष होता.

म्हणून पुढचा ठराव ग्रामसभेत मांडण्याआधी जावेकडे जा. सर्वांसमोर नको, मोबाइलवर फोटोही नको. तिच्या ओट्यावर बसून, आपण त्या दिवशी घाबरलो होतो, हे स्पष्ट शब्दांत सांगा. घरात पुढचे मंगलकार्य निघेल तेव्हा पहिली हळद तिच्या हातून लावून घ्या. ती कदाचित नाही म्हणेल, कारण आपण अशुभ आहोत ही भीती तिच्याही मनात तितकीच खोल रुजवलेली आहे. तिला ओढून आणू नका. पुन्हा विचारा, आणि तिचे उत्तर येईपर्यंत हळदीची वाटी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.