लवंगवाली सिगारेट ठेवली म्हणून केस, कबूल करून टाकू का?

सांगलीकडच्या एका पानटपरीवाल्या दादांचा मेसेज आलाय. सेल्समनने आणून दिलेली बाहेरची लवंगवाली आणि ती फिल्टरमधला दाणा फोडला की मिंट लागते तसली, मिळून 13 पाकिटं पोलिसांनी उचलली, पंचनाम्यावर सही घेतली आणि सांगितलं की फ्लेवर बॅन आहे. अमेरिकेतला पुतण्यापण तेच म्हणाला. आता विचारतायत, गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा होऊ का, आणि त्याऐवजी व्हेप (म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट) ठेवलं तर चालेल का.

दादा, पुतण्या बरोबर बोलतोय पण तिकडचं. अमेरिकेने 2009 मध्ये लवंग, चॉकलेट, स्ट्रॉबेरी असल्या चवीच्या सिगारेटी बंद केल्या, मेंथॉल, म्हणजे पुदिन्यासारखी थंड चव, तेवढी सोडली (लवंगवाल्या इंडोनेशियातून जायच्या, तो देश चिडून जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकलापण). युरोपने 2020 मध्ये मेंथॉलही काढलं. आपल्या 2003 च्या कोटपा कायद्यात, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या जाहिराती आणि विक्रीवरच्या कायद्यात, चवीवर बंदीच नाही. निकोटिन आणि टारचं प्रमाण पाकिटावर छापा, ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका असं कलम 7 मध्ये लिहिलंय, पण ती मर्यादा किती हा आकडाच नियमात आलेला नाही. गुटख्याचं वेगळं, तो खायचा पदार्थ धरला आणि अन्नात तंबाखू घालायला मनाई आहे म्हणून 2012 ला महाराष्ट्रात बंद करता आला, सिगारेट कोण खातंय.

पण म्हणून सुटलात असं नाही हां. तुमची केस चवीची नाही, पाकिटाची आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सोनेरी अक्षरं, लवंगेचं चित्र सगळं आहे, फक्त 85 टक्के जागेवर जो सडलेल्या तोंडाचा किंवा घशाचा फोटो आणि इशारा लागतो तो कुठेच नाही. तसलं पाकीट विकलं तर कलम 20 खाली पहिल्या वेळी 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजारच रुपये ना, असं म्हणून लोक कबूल करून येतात आणि तिथेच फसतात, कारण दुसऱ्यांदा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि 3000 पर्यंत दंड, आणि पहिली शिक्षा रेकॉर्डवर असतेच. शाळेजवळ विकल्याचा 200 रुपयांपर्यंतचा दंड जागेवर भरून मिटतो तसं हे मिटत नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे घाई करायचं काही कारणच नाही, वकील बघा आणि मगच काय ते बोला.

पंचनाम्याची कॉपी मागा. झडती घेणारा फौजदार किंवा वरचा होता का ते त्यात दिसेल, खालच्याने घेतली असेल तर तुमच्या वकिलाला बोलायला जागा आहे. माल 90 दिवसांच्या वर ठेवायचा तर जिल्हा न्यायाधीशांची परवानगी लागते. पण खरं सांगू का, तो माल परत मागायच्या भानगडीत पडू नका, बिलाशिवाय घेतलाय म्हणताय, मग बाहेरून चोरून आलेला नाही हे दाखवायची वेळ तुमच्यावर आली आणि कस्टम्सचं झेंगट मागे लागलं तर हे 1000 रुपये काहीच वाटणार नाहीत. सेल्समनचा नंबर, व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर, त्याला केलेलं ऑनलाइन पेमेंट, यातलं काहीही डिलीट करू नका.

व्हेपचा तर विचारच सोडा. 2019 पासून देशभर बंद आहे, विकलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसता साठा सापडला तरी 6 महिने किंवा 50 हजारपर्यंत आहे.

आणि हो, फोटोत बरणीच्या बाजूला सुट्ट्या सिगारेटी उभ्या दिसतायत त्यापण उचला, राज्यात सुटी विक्री सप्टेंबर 2020 पासून बंद आहे, सगळेच विकतात हे माहितीय मला पण तुमच्यावर आधीच एक केस आहे.