छताच्या कड्या झाकू नका

प्रश्न : ताई, पर्वरीला आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. गणेश चवथीआधी राहायला जायचंय. नवऱ्याला मिनिमल घर हवंय. पांढऱ्या भिंती, हँडल नसलेली कपाटं, हॉलमध्ये एक सोफा, बस्स. सासूबाईंचं डिचोलीचं जुनं घर आता बंद होणार, म्हणून त्यांना तिथली शिसवी पेटी, तीन समया, पाणी तापवायचं भाण, नारळ खवायची आदोळी, रगडा आणि देवांच्या तसबिरी आणायच्यात. दोघांच्या मध्ये मी सापडलेय. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : आधी मला एक सांगा, हॉलला फॉल्स सीलिंग झालंय का? झालं नसेल तर काम आजच थांबवा आणि वर बघा. स्लॅबला कड्या सोडल्या आहेत का?

हे विचारण्यामागे माझी एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी म्हापशातल्या एका कुटुंबाचा हॉल मी केला होता. गुळगुळीत पीओपी, कडेने लपवलेले दिवे. स्लॅबला चार कड्या होत्या, त्या सीलिंगखाली गेल्या. चवथीच्या आदल्या दिवशी त्या घरातल्या आजींचा फोन आला, "माटोळी खंय बांदपाची?" म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट बांधायची कुठे? मी तशीच गाडी काढली. जाऊन बघते तर जमिनीवर सगळं मांडून ठेवलेलं. असोले नारळ, सुपारीचं शिपटं, हातभर तवशें, तोरंजन, आंबाडे, लालबुंद कवंडळं, आणि केवणीच्या सालीच्या ओल्या दोऱ्यांची जुडी. आजी त्या जुडीशेजारी पाटावर बसल्या होत्या, एक शब्द बोलत नव्हत्या. पीओपीला एवढं वजन पेलवत नाही. शेवटी लोखंडी पाइपांचा सांगाडा आणून उभा केला आणि गणपतीच्या पुढ्यात चार खांब आले. चवथ झाल्यावर मी माझ्या खर्चाने ते सीलिंग कापून कड्या मोकळ्या केल्या. त्यानंतर गोव्यातल्या एकाही हॉलची कडी मी झाकलेली नाही.

त्या दिवसापासून मला माझ्या आजोळचा वसरा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, पुन्हा पुन्हा आठवतो. फोंड्याजवळचं घर. वसऱ्यात एक बाक, एक आरामखुर्ची, कोपऱ्यात घडी केलेल्या चटया. भिंती चुन्याच्या, जमीन शेणाने सारवलेली. तुमच्या नवऱ्याला आवडेल असाच वसरा होता तो. आणि छताला लाकडी चौकट, वर्षभर रिकामी. चवथीला तीच चौकट रानातल्या फळांनी इतकी भरायची की खालून वाकून जावं लागे. मग सगळं उतरायचं आणि वसरा पुन्हा मोकळा. एकाच खोलीत दोन्ही गोष्टी नांदत होत्या, फक्त पाळीपाळीने. भांडण तुमच्या घरातल्या दोन माणसांचं वाटतंय, पण दोघंही त्याच जुन्या घराचा एकेक अर्धा भाग मागताहेत.

तो मोकळेपणा टिकायचा कशाने, तर वरच्या माळ्याने. परातींपासून लग्नातल्या मोठ्या टोपापर्यंत सगळं तिथे. मासिकातल्या फोटोत रिकामा हॉल दिसतो, माळा दिसत नाही.

जगातल्या गाजलेल्या मोकळ्या वास्तूंकडे बघतानाही हे लक्षात ठेवा. जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांचा 1929 चा बार्सिलोना पॅव्हिलियन मिनिमल घरांच्या प्रत्येक चर्चेत येतो. तो प्रदर्शनासाठी उभारलेला, जर्मनीच्या स्वागतसमारंभाचा मंडप होता. तिथे कुणी राहायला येणार नव्हतं, पुढच्या वर्षी तो उतरवला, आणि आज आपण बघतो तो 1986 मध्ये पुन्हा बांधलेला. त्यातही भिंती ऑनिक्स आणि हिरव्या संगमरवराच्या. वस्तू कमी होत्या, पण दगडाच्या शिरा डोळाभर. त्याच मीसनी अमेरिकेत एका डॉक्टर बाईंसाठी काचेचं घर बांधलं, ते 1951 मध्ये पूर्ण झालं. बघायला अप्रतिम. पण राहायला लागल्यावर उन्हाळ्यात ते तापायचं, आणि कपडे ठेवायच्या कपाटाची सोय मागाहून करावी लागली. बाईंचा आणि मीसचा वाद कोर्टात गेला. मला ते घर मनापासून आवडतं, तरी पर्वरीच्या फ्लॅटसाठी त्यातून मी एकच गोष्ट घेईन : कपाट आधी आखायचं, भिंत नंतर.

तर तुमच्याकडे असं करा. पॅसेजवर आणि न्हाणीघरावर खोल माळा करून घ्या, दाराला जाळी ठेवा म्हणजे हवा खेळेल. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, बंद पोकळीत बुरशी धरायला एक आषाढ पुरतो. हँडल नसलेल्या कपाटांचा हट्ट नवऱ्याने सोडावा, हे मात्र मी स्पष्ट सांगते. पावसाळ्यात एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, फुगते, दार अडकतं, आणि बोट घालायला काही नसतं. पाणी सोसणारा प्लाय घ्या आणि साधी पितळी मूठ लावा. पांढऱ्या भिंती खुशाल करा, पण खालचं स्कर्टिंग काढू नका, नाहीतर लादी पुसणाऱ्या फडक्याचा पट्टा पहिल्याच महिन्यात भिंतीवर उमटेल.

आता सासूबाईंच्या वस्तू. पेटी आणा, सोफ्यापुढे टीपॉयच्या जागी ठेवा, आणि चवथीचं सामान तिच्यातच राहू द्या. समया तिन्ही आणा, रोज एक लागेल. आदोळी स्वयंपाकघरात हवीच. मिक्सर असला तरी नारळ तिच्यावरच खवला जातो आणि सासूबाईंना बसायला त्यांची जागा मिळते. तसबिरी देवघराच्या एका भिंतीवर एकमेकींना खेटून लावा, घरभर विखरू नका. भाण आणि रगडा मात्र मी आणणार नाही. भाणाला चूल लागते, रगड्याला जमीन. भाणाला लॅकर मारून त्यात मनीप्लांट लावलेली घरं मी पाहिली आहेत. ज्या बाईने त्यात चाळीस वर्षं पाणी तापवलं, तिला रोज ते बघायला लावू नका. गावात ज्यांच्याकडे अजून चूल पेटते, अशा नात्यातल्या घरी सासूबाईंच्याच हातून द्या. आणि हे त्यांना तुम्ही सांगू नका. मुलाने डिचोलीला जाऊन, त्यांच्या शेजारी बसून सांगावं.

प्रश्न : घराची पुढची भिंत गिलावा न करता उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, ठेवायची आहे. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझुस चर्चचा लालसर दर्शनी भाग बघितल्यापासून तेच डोक्यात आहे. साधेपणा यापेक्षा वेगळा काय असतो?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बॉम जेझुस 1605 मध्ये पवित्र करून खुलं झालं, आणि त्याचा चिरा उघड्यावर राहण्यासाठी नव्हता. त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून पाऊस थेट दगडावर येतो आणि दगड झिजण्याची काळजी सतत घ्यावी लागते. आपल्याला जो मूळचा साधेपणा वाटतो, तो खरं तर कपडे उतरवलेला दगड आहे. आणि आत पाऊल टाकलंत की सोनेरी वेदी अंगावर येते, हेही विसरू नका.

चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत घट्ट होतो, पण भोकं भोकंच राहतात. पाणी पितो. आपल्या जुन्या घरांत पावसाच्या तोंडावरच्या भिंतींना विणलेल्या झावळ्या बांधायचे, ते उगाच नव्हे. तुमची भिंत नैर्ऋत्येकडे असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्या दिशेला असेल आणि वर तीन फुटांची वळचण निघत असेल, तर ठेवा. आतल्या चौकाची भिंत उघडी ठेवलीत तर मीच बघायला येईन. गिलावा करायचा तर चुन्याचा करा. सिमेंटने ओल आत कोंडते.

प्रश्न : पणजीत भाड्याच्या खोलीत राहतो. मला रंग, मुखवटे, पोस्टर, जुन्या लाद्या सगळं आवडतं. मित्र म्हणतात, अडगळ आहे. मॅक्सिमलिझम, म्हणजे अशी भरगच्च सजावट, चांगला कसा करायचा?
— एक वाचक, पणजी

उत्तर : कला अकादमीत जा. वास्तुकार चार्ल्स कोरियांची इमारत मांडवीच्या काठी बसकी, मोकळी, वारा आरपार जाणारी. मग नाट्यगृहात शिरा. बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यात बसलेली माणसं, कुणी गप्पा मारतंय, कुणी नाटक बघतंय. सगळी गर्दी त्या भिंतींवर, आणि त्यांच्या मधे तुम्हाला बसायला शांत खुर्च्या.

तुमच्या खोलीतली दाराकडून न दिसणारी, पलंगावरून दिसणारी भिंत निवडा. घरमालकाला विचारून छताखाली एक सागवानी पट्टी मारा आणि सगळं तिच्यावरून दोऱ्यांनी सोडा, म्हणजे भिंतीला खिळे पडणार नाहीत. लाद्या जमिनीवर टेकवून ठेवा. मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतील तर जूनच्या आधी उतरवून डब्यात भरा, गणपती झाले की पुन्हा लावा.