अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये तेहतिसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक कसे होता येते?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे मुख्य प्रशिक्षक काही वेळा अवघ्या तिशीतले कसे असतात, त्यांना आधी नामांकित खेळाडू असावे लागते का, आणि तिकडे शिकणाऱ्या आपल्या भाच्याला, जो स्वतः हा खेळ कधी खेळलेला नाही, या क्षेत्रात शिरता येईल का. मी नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये राहतो आणि सप्टेंबर ते डिसेंबर येथील शनिवार या खेळातच जातो. तेव्हा हे एका जुन्या प्रेक्षकाचे उत्तर आहे असे समजावे. फुटबॉल म्हणजे अर्थातच लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल.

माझे निरीक्षण असे की, हे प्रशिक्षक वयाने तरुण असले तरी अनुभवाने नवखे नसतात. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द बहुधा फार लवकर संपलेली असते, आणि म्हणूनच त्यांची उमेदवारी इतरांच्या आधी सुरू झालेली असते. तेहतिसाव्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झालेले लिंकन रायली यांचे उदाहरण पाहिले म्हणजे हे नीट कळते.

रायली यांचा जन्म १९८३चा. ते वाढले म्यूलशू या पश्चिम टेक्सासमधील सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात, जेथे खेचराचा पुतळा हे प्रेक्षणीय स्थळ आहे. शाळेच्या संघात ते क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू होते, पण खांद्याच्या दुखापतीने चेंडू फेकण्याची ताकद पूर्वीसारखी राहिली नाही. २००२ मध्ये लबक येथील टेक्सास टेक विद्यापीठाच्या संघात ते शिष्यवृत्तीशिवाय दाखल झाले. तेथील मुख्य प्रशिक्षक माइक लीच यांनी वर्षभरातच त्यांना सांगितले की, खेळणे सोडावे आणि विद्यार्थी सहायक म्हणून प्रशिक्षकांच्या हाताखाली यावे. विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील मुलाला हे ऐकणे जड गेले असणार. पण पुढचे सारे त्या एका होकारातून निघाले.

विद्यार्थी सहायकाच्या कामात मिरवण्यासारखे काही नसते. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रण घेऊन त्यातील प्रत्येक चाल कितव्या प्रयत्नात झाली, किती यार्ड हवे होते आणि खेळाडू कोठे उभे होते, याच्या नोंदी करायच्या. प्रतिस्पर्ध्याच्या चाली जाड कार्डांवर मार्करने काढायच्या आणि सरावात ती कार्डे राखीव खेळाडूंसमोर धरायची, म्हणजे ते पाहून आपल्या मुख्य खेळाडूंसमोर तीच चाल खेळतील. शिवाय प्रशिक्षकांचे जेवण आणण्यापासून पडेल ते सर्व काही. परंतु एका हंगामात अशा शेकडो चाली हाताने काढणाऱ्याला बचावफळीची रचना पाठ होते, आणि ज्या बैठकीत निर्णय होतात त्या खोलीत त्याला बसायला मिळते. रायली येथे तीन वर्षे विद्यार्थी सहायक होते, २००६ मध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत काम करणारे सहायक झाले, आणि २००७ पासून रिसीव्हरांचे, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचे, प्रशिक्षक म्हणून पूर्ण वेळ नोकरीत आले.

ते कोणाच्या हाताखाली शिकले हेही तितकेच महत्त्वाचे आहे. लीच स्वतः महाविद्यालयात फुटबॉल खेळलेच नव्हते. त्यांची पदवी कायद्याची होती. हॅल मम्मी यांच्याबरोबर आयोवा वेस्लियन या छोट्या महाविद्यालयापासून त्यांनी ‘एअर रेड’ नावाची आक्रमणपद्धती घडवली: चाली मोजक्याच ठेवायच्या, त्या अखंड घोटायच्या आणि चेंडू सतत हवेत खेळवायचा. इतर प्रशिक्षक सामन्याच्या वेळी चालींचे मोठे रंगीत तक्ते हातात धरतात. लीच यांच्या हाती एक घडी घातलेला चिठोरा असे. आपल्या संगीतातल्याप्रमाणे या खेळातही घराणी आहेत, आणि नोकऱ्या बहुतांशी घराण्यांतूनच फिरतात. १९९९ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे नवे मुख्य प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी आक्रमणाची सूत्रे एक वर्ष याच लीच यांच्याकडे दिली होती, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

३० डिसेंबर २००९ रोजी एका खेळाडूला दिलेल्या वागणुकीवरून झालेल्या वादात लीच यांना बडतर्फ करण्यात आले, आणि २ जानेवारीला सॅन अँटोनियो येथे मिशिगन स्टेटविरुद्ध अलामो बोल हा हंगामाअखेरचा सामना होता. हंगामी प्रशिक्षक रफिन मॅकनील यांनी त्या सामन्यात चाली ठरवण्याचे काम २६ वर्षांच्या रायली यांच्यावर सोपवले. टेक्सास टेकने तो सामना ४१-३१ असा जिंकला. मॅकनील यांना तेथील कायम पद मिळाले नाही, पण काही दिवसांतच ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना बोलावले आणि जाताना ते रायली यांना आक्रमणाचे कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे सहायक प्रशिक्षक, म्हणून घेऊन गेले. नशीब म्हणावे तर म्हणावे. मात्र त्या तीन दिवसांत दुसऱ्या कोणाला ती पद्धत इतकी मुखोद्गत नव्हती, हेही खरे असावे.

ईस्ट कॅरोलायनातील पाच हंगामांकडे लोक दुर्लक्ष करतात. मला तो काळ सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चुका पचून जाव्यात इतके कमी लोकांचे लक्ष तेथे होते आणि शिकण्याइतकी जबाबदारी होती. २०१५ मध्ये स्टूप्स यांनी त्यांना ओक्लाहोमात आणले, म्हणजे लीच यांना नेमणाऱ्यानेच सोळा वर्षांनी लीच यांचा शिष्य नेमला. पहिल्याच वर्षी संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये पोहोचला आणि देशातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला मिळणारा ब्रॉइल्स पुरस्कार रायली यांना मिळाला. ७ जून २०१७ रोजी स्टूप्स अचानक निवृत्त झाले आणि ३३ वर्षांचे रायली मुख्य प्रशिक्षक झाले. त्या वेळी सर्वोच्च विभागात त्यांच्याहून तरुण कोणी नव्हता. पण विद्यार्थी सहायक झाल्यापासून मोजले तर प्रशिक्षणातील चौदा वर्षे त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी आपल्या पथकात लगेच मॅकनील यांनाच सहायक म्हणून घेतले, हा तपशील मला फार आवडतो.

त्यानंतरची पहिली तिन्ही वर्षे १२ विजय आणि २ पराभव अशी गेली, आणि बेकर मेफील्ड व कायलर मरे या त्यांच्या क्वार्टरबॅकांनी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारे २०१७ आणि २०१८ चे हाइझमन करंडक पटकावले. तरीही तिन्ही वेळा संघ प्लेऑफच्या उपांत्य सामन्यातच हरला: जॉर्जियाकडून ५४-४८, अलाबामाकडून ४५-३४ आणि एलएसयूकडून ६३-२८. आक्रमणात वाढलेल्या प्रशिक्षकाला बचावफळी उभी करणे जड जाते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि मला तो पटतो. २०२१ च्या अखेरीस ते लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात गेले. तेथे पहिल्या वर्षी ११-३, पुढे ८-५ आणि मग ७-६ अशी उतरंड लागली. मुख्य प्रशिक्षकाला सामन्यातील चालींखेरीज शाळकरी खेळाडूंची भरती, देणगीदार, पत्रकार आणि आता संघ बदलायला मोकळे झालेले खेळाडू हे सारेच सांभाळावे लागते, आणि त्याची तालीम कोऑर्डिनेटरच्या खुर्चीत फारशी होत नाही.

लवकर पद मिळणे नेहमीच पथ्यावर पडत नाही, याचे दुसरे टोक म्हणजे लेन किफिन. वडील माँटी किफिन व्यावसायिक फुटबॉलमधील नावाजलेले बचाव प्रशिक्षक. लेन ३१ व्या वर्षी ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे, ३३ व्या वर्षी टेनेसी विद्यापीठाचे आणि ३४ व्या वर्षी यूएससीचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०१३ मध्ये ॲरिझोना स्टेटकडून ६२-४१ अशी हार पत्करून संघ परतला, तेव्हा त्यांना विमानतळावरच पदावरून दूर करण्यात आले. पुढे तीन हंगाम अलाबामात तेथील मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली राबल्यावरच त्यांची गाडी रुळावर आली.

भाच्याच्या दृष्टीने जवळचे उदाहरण केनी डिलिंगहॅम यांचे आहे. शाळेतच गुडघा जायबंदी झाल्याने ते महाविद्यालयात खेळलेच नाहीत; ॲरिझोना स्टेटमध्ये शिकत असतानाच आपल्या जुन्या शाळेच्या संघाला शिकवू लागले, पुढे प्रशिक्षक माइक नॉर्वेल यांच्याबरोबर मेम्फिस विद्यापीठात गेले, आणि २०२२ च्या अखेरीस ३२ व्या वर्षी ॲरिझोना स्टेटचेच मुख्य प्रशिक्षक झाले. पहिला हंगाम ३-९ असा गेला, दुसऱ्यात ११-३ आणि बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या साखळीचे विजेतेपद.

तेव्हा न खेळलेल्यासाठी दार बंद नाही, पण ते विद्यार्थिदशेतच ठोठावावे लागते. भाच्याने आपल्या विद्यापीठाच्या फुटबॉल कार्यालयात विद्यार्थी सहायक किंवा चित्रणाच्या कामासाठी विचारणा करावी. छोट्या महाविद्यालयात संधी अधिक, कारण तेथे माणसे कमी असल्याने नोंदी करणाऱ्यालाच एखादा गट शिकवायलाही मिळतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातील काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते आणि फुटबॉलचे पथक त्याहून कितीतरी अधिक वेळ मागते, म्हणून आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून घ्यावे. पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळाली तर पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क सहसा सुटते; मात्र त्या जागा थोड्या असतात आणि त्या बहुधा ओळखीच्या, आधी राबलेल्या मुलांनाच मिळतात.