शेजारच्या सिगारेटचा धूर आणि सोसायटीचा अधिकार

प्रश्न : आम्ही गोव्यात पर्वरीत एका पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या फ्लॅटमधील गृहस्थ सकाळी आणि रात्री न्हाणीघरात सिगारेट ओढतात. तो धूर डक्टमधून आमच्या न्हाणीघरात आणि तिथून मुलाच्या खोलीत येतो. मुलाला दमा आहे. विनंती केली, तेव्हा “मी माझ्या घरात ओढतो” एवढेच उत्तर मिळाले. इमारतीत धूम्रपानावर सरसकट बंदी घालता येते का? आणि ती घालावी, असे आपणास वाटते का? (एक वाचक भगिनी, पर्वरी)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ज्या इमारतीत भिंती, जिना आणि डक्ट सामाईक आहेत तिथे धूम्रपानाला बंदी असावी, आणि ती जिन्यापुरती न राहता फ्लॅटच्या आतही लागू व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती रहिवाशांनी आपल्या उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, लिहून, पुरेशी मुदत देऊन आणि सिगारेट ओढणाऱ्यासाठी आवारात एखादी उघड्यावरची जागा ठेवून आणावी. एकट्यादुकट्या शेजाऱ्याशी जिन्यात भांडून हा प्रश्न सुटत नाही, हे आपण अनुभवलेच आहे.

“माझे घर” हा युक्तिवाद मालकीच्या दृष्टीने बरोबर आहे, पण धूर मालकी पाहून थांबत नाही. डक्टमधील गरम हवा वर चढते आणि वाटेतल्या प्रत्येक उघड्या खिडकीतून आत शिरते. त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू असतो तेव्हा तो घरातील हवा बाहेर फेकतो आणि तिची भरपाई करण्यासाठी बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून, म्हणजे बऱ्याचदा न्हाणीघराच्या खिडकीतून, आत ओढली जाते. पावसाळ्यात आपल्याकडे झडीमुळे सज्जाकडची दारे-खिडक्या दिवसचे दिवस बंद असतात, त्यामुळे डक्ट हाच हवेचा मुख्य मार्ग उरतो, आणि घरात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो वास लागतो. समितीच्या सदस्यांना हे पटवायचे असेल तर खालच्या मजल्यावरील एखाद्या सहकार्य करणाऱ्या रहिवाशाच्या न्हाणीघरात, डक्टच्या खिडकीपाशी, दोन-तीन उदबत्त्या लावायला सांगा आणि आपली चिमणी चालू ठेवून सदस्यांना आपल्या न्हाणीघरात उभे करा. खिडकीच्या काचपट्ट्यांमधून वास आत येताना त्यांना स्वतःलाच जाणवेल, आणि मग कोणाच्या तोंडी तक्रारीवर विश्वास ठेवण्याची गरज उरणार नाही.

आरोग्याच्या बाजूबद्दल आता शंका राहिलेली नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नसते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, २००६च्या अहवालात नोंदवला. दम्याच्या मुलांमध्ये अशा धुरामुळे झटके वारंवार आणि अधिक तीव्र येतात, लहान मुलांना कानाचे व छातीचे संसर्ग होतात. खिडकी उघडून किंवा हवा शुद्ध करणारे यंत्र लावून धोका थोडा कमी होतो, संपत नाही. कारण ती यंत्रे कण अडवतात, पण वायुरूप घटक पुरतेपणी अडवू शकत नाहीत.

कायद्याची स्थिती अशी आहे. गोव्याने धूम्रपान व थुंकण्यास मनाई करणारा स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला होता. पुढे केंद्राचा २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि त्याखालील नियम २ ऑक्टोबर २००८पासून देशभर लागू झाले, ज्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. या तरतुदी खासगी घराच्या आत पोहोचत नाहीत. जिना आणि लिफ्ट यांचा केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत नाव घेऊन उल्लेख नाही, परंतु जिथे दूधवाला, टपालवाला, पाहुणे असे कोणीही येऊ शकतात ती जागा सार्वजनिक मानावी, असा युक्तिवाद सबळ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० मध्ये हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण तिथे परिसरातील लोकांना सर्वसाधारणपणे अपाय होणे अपेक्षित असल्यामुळे एका कुटुंबाच्या त्रासासाठी ते कलम लावणे अवघड जाते. उपद्रवाबद्दल दिवाणी दावा करता येतो, पण दाव्याला लागणारा वेळ आपल्या मुलाच्या फुप्फुसांकडे नाही.

म्हणून खरा मार्ग सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी हे सभासदांमधील कराराच्या स्वरूपाचे असतात, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात घेतली. सभासदाने संस्थेत प्रवेश करतानाच उपविधी मान्य केलेले असतात. तेव्हा सर्वसाधारण सभेत उपविधींमधील दुरुस्तीचा प्रस्ताव रीतसर नोटीस देऊन मांडावा, आवश्यक बहुमताने मंजूर करावा आणि गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ नुसार निबंधकांकडे नोंदवून घ्यावा. नुसता ठराव करून फलक लावला तर जिन्यापुरता तो चालून जाईल, फ्लॅटच्या आतील बंदीसाठी टिकणार नाही. आपल्याकडे अनेक इमारतींत देखभाल अजून बिल्डरकडेच असते आणि संस्था नोंदवलेलीच नसते. आपली इमारत त्यांपैकी असेल, तर संस्थेची नोंदणी हेच पहिले काम समजावे.

बहुमताची फार चिंता करू नका. २०१६-१७च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण देशात २८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ९.७ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वात कमी होते, आणि त्यातही सिगारेट-विडी न ओढता तंबाखू खाणारे आले. आपल्या इमारतीत न ओढणारेच जास्त असणार. शेजारधर्म बिघडेल या भीतीने ते गप्प बसतात, एवढेच.

तोवर मुलाच्या डॉक्टरांचे पत्र जोडून समितीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एक्झॉस्ट पंख्याला उलट येणारी हवा रोखणारी झडप बसवून घ्या. मात्र न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर डक्टची खिडकी कोणत्याही परिस्थितीत पूर्ण बंद करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावतात, आणि धुराच्या त्रासातून सुटण्यासाठी हा धोका पत्करणे योग्य नाही.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. चाळीस वर्षांची सवय. आमच्या सोसायटीने फ्लॅटमध्येही सिगारेट ओढायची नाही असे ठरवले, एक हजार रुपये दंड ठेवला आणि माझे नाव व्हॉट्सॲप गटावर टाकले. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या घरात मला हा अधिकारही नाही का? (एक ज्येष्ठ वाचक, फोंडा)

उत्तर : आपले नाव गटावर टाकणे चुकीचे होते, आणि त्याबद्दल समितीने आपली क्षमा मागायला हवी. दंडाची तरतूद नोंदवलेल्या उपविधींत नसेल, तर त्या वसुलीलाही आपण निबंधकांकडे आव्हान देऊ शकता. त्या दोन्ही बाबतींत मी आपल्या बाजूने आहे.

मूळ बंदीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. जपानमधील नागोया येथील जिल्हा न्यायालयासमोर २०१२ साली असाच वाद आला होता. एक गृहस्थ आपल्याच सज्जात सिगारेट ओढत होते आणि वरच्या मजल्यावरील वृद्ध बाईंना धुराचा त्रास होत होता. आपल्या जागेत धूम्रपान करण्याची मोकळीक मूलतः आहेच, पण दुसऱ्याला मोठा त्रास होतो हे कळल्यावरही काही उपाय न करता ते चालू ठेवणे बेकायदा ठरू शकते, असे सांगून न्यायालयाने ५० हजार येनची भरपाई द्यायला लावली. कॅलिफोर्नियातील बेलमाँट शहराने तर २००७ सालीच बहुसदनिका इमारतींत घराच्या आतही धूम्रपानाला मनाई केली. अमेरिकेच्या सरकारी गृहसंकुलांतील नऊ लाखांहून अधिक घरांना २०१८पासून तसाच नियम लागू आहे, आणि त्यात इमारतीपासून २५ फुटांपर्यंतच्या जागेचाही समावेश आहे. सिंगापूरने २०१३ साली जिने व मार्गिका यांवर बंदी आणली, पण घराचा आतला भाग वगळला. म्हणजे जगात दोन्ही वाटा आहेत. मी घराच्या आतही बंदी असावी, या बाजूने आहे, कारण घरात ओढलेल्या सिगारेटचा धूर घरात राहत नाही.

आपण समितीकडे दोन मागण्या लेखी कराव्यात, असे मी सुचवेन. आवारात, कोणाच्याही खिडकीपासून दूर, पावसात उभे राहता येईल अशी छपराची आणि बसायला बाक असलेली जागा द्यावी. या वयात रात्री जिने उतरून भिजत उभे राहायला लावणे हा नियम नव्हे, छळ झाला. दुसरी मागणी काही महिन्यांच्या मुदतीची. त्या मुदतीत सवय सोडण्याचा प्रयत्न करायला आता आपले वय उलटून गेले, असे समजू नका. ६८व्या वर्षी सोडली तरी वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. पहिले दोन ते चार आठवडे जड जातात, चिडचिड होते, झोप उडते. निकोटिनच्या च्युइंगगमने किंवा पट्टीने ते बरेच सुसह्य होते, पण आपल्या वयात ती आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. आणि आपल्या घरात पत्नी, सून, नातवंडे राहत असतील तर आपल्या सिगारेटचा पहिला धूर शेजाऱ्याच्या आधी त्यांच्या वाट्याला येतो, हेही ध्यानात घ्यावे.

प्रश्न : आमच्या इमारतीतील काही फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिले जातात. ते सज्जात ओढतात आणि थोटके खाली टाकतात. खालच्या मजल्यावर पावसासाठी बांधलेल्या प्लास्टिकला परवा भोक पडले. पाहुणे दोन दिवसांत निघून जातात. दंड कोणाकडून घ्यायचा? (सोसायटीचे सचिव, कांदोळी)

उत्तर : फ्लॅटच्या मालकाकडून. उपविधींत असे स्पष्ट लिहा की भाडेकरू किंवा पाहुणा यांच्या वर्तनाची जबाबदारी सभासदाची राहील. मालकाला प्रत्येक बुकिंगच्या अटींत धूम्रपानबंदी नमूद करायला लावा आणि अनामत रक्कम ठेवायला सांगा. फाटक, लिफ्ट आणि प्रत्येक सज्जाच्या दारावर कोकणी, मराठी, हिंदी व इंग्रजी अशा चारही भाषांत सूचना असावी. ई-सिगारेट चालते, असा पाहुण्यांचा समज असतो; तिची विक्री, साठवणूक व जाहिरात देशात २०१९पासून बेकायदा आहे, तेव्हा उपविधींत तिचाही उल्लेख करा. भोक पडलेल्या प्लास्टिकचे आणि खाली सापडलेल्या थोटकांचे छायाचित्र तारखेसह नोंदवहीत चिकटवून ठेवा. आगीचा धोका दाखवणारा तोच पुरावा सर्वसाधारण सभेत उपयोगी पडेल, आणि खालच्या मजल्यावरील रहिवाशाला नव्या प्लास्टिकचा खर्च मागतानाही.