जुना फ्लॅट नवा करताय? आधी पाणी, मग रंग

जुना फ्लॅट घेतलात, अभिनंदन! रंगांची शेडकार्डं तूर्तास बाजूला ठेवा. बरेच जण फॉल्स सीलिंगपासून सुरुवात करतात, वॉटरप्रूफिंग राहून जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी तिथल्या जमिनीवर पाणी कोंडून किमान 24 तास ठेवा. खालच्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांच्या छताला ओल आली का, ते स्वतः बघा. मिस्त्री घाई करेल, ऐकू नका. इथे वाचवलेला एक दिवस पुढे सगळ्या टाइल्स फोडायला लावतो.

बाकी एवढंच:
- गीझर, एसीला 4 चौ. मिमी तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.
- कॉलम-बीमला, म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या खांब-तुळयांना, छिन्नी नाही.
- सोसायटीची परवानगी आधी, तीही लेखी.

पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या. जमेल तुम्हाला!